भिवरा भोईणीच्या पहिल्या घासाची कहाणी

ऐका जळमाय, तुमची कहाणी. तळ्याकाठी आटपाट नगर होतं. नगर मोठं, तळं त्याहून मोठं. तळ्यात कमळं होती, शिंगाड्याच्या वेली होत्या. लव्हाळ्यात पाणकोंबडी नांदे, दगडावर कासव ऊन खाई, गाळात मरळ मासळी आपली पिलं राखी. त्या काठी भिवरा नावाची भोईण राही. घरी नवरा आणि म्हातारी सासू. खायला बेताचं, पण मान ताठ. पाण्याला कुणी नावं ठेवली तर ती भांडायला उठे.

भिवराला सासूनं एक वसा दिला होता. श्रावण लागला म्हणजे जाळं आढ्याला टांगावं, पाण्यातल्या लेकुरवाळ्यांना त्रास देऊ नये. रोज न्हाऊन भात रांधावा. पहिला घास तळ्यात सोडावा. मासळीनं तो खाल्लेला डोळ्यांनी पाहावा, मग आपण जेवावं. महिना सरला की शिंगाड्यांनी तळ्याची ओटी भरावी. हा वसा नगरातल्या सगळ्या बायका करीत, राणीसुद्धा करी.

एके वर्षी राणीनं तळ्याकडे तोंड करून नवा महाल बांधला. सज्जात उभी राहिली आणि नाक मुरडून म्हणाली, "हे कसलं तळं? शेवाळ काय, चिखल काय, बेडकांचं ओरडणं काय. देवघरातला तांब्या घासतात तसं हे लख्ख करा." दासी म्हणाल्या, "बाईसाहेब, मग वशाचं काय?" राणी म्हणाली, "सोनाराला बोलवा." सोनार आला. त्यानं चांदीचे मासे घडवले, चांदीचं कासव घडवलं, सोन्याचं कमळ घडवलं. मग चाकर तळ्यात उतरले. त्यांनी कमळं उपटली, वेली ओढल्या, जाळी फिरवून मासळी काढली. सगळ्याचा काठावर ढीग घातला. चांदीचे मासे नि कासव पाण्यात सोडले, सोन्याचं कमळ मधोमध रोवलं. राणीनं सज्जातूनच भाताचा घास टाकला आणि पाठ फिरवून पाटावर जाऊन बसली. घास कुणी खाल्ला, हे बघायची तसदी तिनं घेतली नाही.

त्याच दिवशी भिवरा आपला घास घेऊन काठावर आली. तिनं घास सोडला, तो तळाशी जाऊन बसला. पाणी हललं नाही. तिला रडू फुटलं. ती तशीच घरी आली आणि उपाशी राहिली. नवरा म्हणाला, "अगं, राणीनं चांदीच्या माशांवर भागवलं, तू कशाला पोट मारतेस?" भिवरा म्हणाली, "तिचा वसा ती जाणे. माझा घास कुणी खाल्ल्याशिवाय मी जेवायची नाही." सासू चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "माझी सून आहे ती."

मग भिवरानं काय केलं? पाटी घेतली, पाण्याची घागर घेतली, काठावरच्या ढिगाशी गेली. तडफडणारी मरळ उचलली, झिंगे उचलले, कासवाचं पिलू उचललं. कमळाचे कंद घेतले, शिंगाड्याची वेल घेतली. बेडूक मावेनात, ते ओच्यात घातले. हसू नका गं मागच्या, ओच्यात बेडूक घेऊन गावातून ताठ चालायला छाती लागते. घरामागं माती काढलेला जुना खड्डा होता, पावसानं तुडुंब भरलेला. त्यात तिनं सगळ्यांना सोडलं आणि काठाशी बसून राहिली. पहिल्या दिवशी घास कुणी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मरळ वर आली, घास गिळून खाली गेली. मग भिवरा जेवली.

असं करता करता वर्ष गेलं. इकडे तळ्याचं काय झालं? टाकलेले घास कुजले. पाण्यावर साय धरली, डास माजले, वास सुटला. गाई आल्या, पाणी हुंगलं, माघारी गेल्या. राजाचा हत्ती आला, सोंड बुडवली, माघारी गेला. महादेवाचा पुजारी अभिषेकाला पाणी न्यायला आला, नाकाला उपरणं लावून माघारी गेला. नगर उठायची वेळ आली. लोकांनी गाड्या जुंपल्या.

दासींनी राणीला सांगितलं, "बाईसाहेब, भोईणीच्या घरामागं कमळं फुललीत, पाणी गोड आहे." राणीनं सोन्याचं ताट धाडलं. म्हणाली, "तुझं आहे ते सगळं तळ्यात आणून सोड." भिवरानं ताट परत केलं. म्हणाली, "सोनं तुमच्या तळ्यात आहेच की." मग राणीनं शिपाई धाडले. भिवरा खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी मला उचला, मग माझी मासळी न्या." शिपायांचा हात उठेना. तिसऱ्यांदा राणी स्वतः आली, अनवाणी आली. "बाई, मी उतले, मातले. तुझा वसा मला सांग."

भिवरा म्हणाली, "वसा तुला ठाऊक होता, राणी. सांगायचं काही उरलं नाही. पदर खोच आणि माझ्याबरोबर चिखलात उतर."

राणी उतरली. सोन्याचं कमळ तिनं आपल्या हातानं उपटलं, त्या जागी कंद लावला. वेली सोडल्या. मरळीची घागर डोक्यावरून आणली. श्रावण होताच. मग तिनं भात रांधला, घास सोडला, वाट पाहिली. कुणी आलं नाही. राणी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. दासी म्हणाल्या, "बाईसाहेब, दोन घास खाऊन घ्या." राणी म्हणाली, "माझ्या हातचं पाण्यानं घेतलं नाही, मी कोणत्या तोंडानं जेवू?" भिवरा शेजारी बसून होती, तीही जेवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पानाखालचं पाणी हललं. मरळ वर आली, मागं तांबड्या पिलांचा थवा. तिनं तोंड उघडलं आणि राणीचा घास घेतला. राणी रडू लागली. भिवरानं तिला हात धरून उठवलं. म्हणाली, "माझ्या माणसांनी तुझ्या हातचं खाल्लं. आता माझ्या घरी चल. सासूनं आपल्या दोघींची पानं वाढलीत."

जळमाय जशी भिवराला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमचं आमचं पाणी नांदतं राहो, आणि आपण सोडलेला घास घ्यायला कुणीतरी वर येवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं, भरल्या काठी सुफळ संपूर्ण.