झरेश्वराचा हरवलेला दोरा

माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि माझे साधे शब्द वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावेत. जत्रेच्या पुस्तिकेसाठी ही गोष्ट कुणीतरी लिहायला हवी होती. नाना गुरव म्हणाले, "तू बोलत तर नाहीस, निदान लिही तरी."

आमच्या तेरवडीच्या झरेश्वराला हार घालत नाहीत. पिंडीवर नाही, नंदीच्या गळ्यातही नाही. देवळासमोर काळ्या दगडाची एक डोण आहे. गुरं पाणी पितात तसलीच, पण हिचा काठ आत वळलेला आहे. तिच्यात झऱ्याचं पाणी खेळतं आणि देवाची फुलं त्या पाण्यावर मांडलेली असतात. इतकी सुंदर मांडणी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी सांगलीकडची मंडळी दर्शनाला आली होती. त्यांतल्या एका बाईंनी हार पुढे केला तेव्हा नाना म्हणाले, "ताई, फुलं सोडवून द्या. आमच्या देवाचा दोरा हरवलाय."

"कधी?"

"माझ्या पणजोबांच्याही आधी. शोधतोय अजून."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा मित्र महिपत आई गेल्यापासून घराबाहेर पडला नव्हता. गावाच्या रीतीप्रमाणे त्याच्या दारात फुलांच्या परड्या येत होत्या आणि तिथेच सुकत होत्या. मीही परडी ठेवून मागे फिरत होतो. आत जाऊन काय बोलावं ते सुचत नव्हतं.

नाना पायरीवर बसले आणि सांगू लागले.

फार मागे ही डोण घडवायला रायाप्पा नावाचा पाथरवट आला होता म्हणे. बरोबर बायको कृष्णी. तो दगड फोडायचा, ती कपच्यांच्या पाट्या वाहायची. डोण अर्धी झाली आणि कृष्णी तापाने गेली. रायाप्पाने छिन्नी खाली ठेवली आणि डोणीपाशी बसला, तो उठेचना. पुढे ठेवलेली भाकरी कावळे खात. कुणी म्हणे, देवाची मर्जी. कुणी म्हणे, दुसरी बायको कर. तो ऐकतही नसे. दिवसेंदिवस वाळत चालला. हा माणूस आता हाती लागत नाही, असं गावाने धरलं.

तेव्हा देवाची पूजा येसाई गुरवीण करायची. सकाळी ती त्याच्याजवळच हार ओवायला बसे. एकदा ती केळीच्या सोपटाचा दोरा घरी विसरली. डोणीत पावसाचं पाणी साचलं होतं. फुलं कोमेजू नयेत म्हणून तिने परडी त्या पाण्यावर उपडी केली आणि दोरा आणायला गेली.

परत आली तर वाऱ्याने सगळी फुलं एका कोपऱ्यात लोटली होती आणि रायाप्पाचा हात पाण्यात होता. त्याने बोटाने एक तगर बाजूला केली. मग एक तेरडा. पाथरवटाच्या डोळ्याला वाकडी ओळ सोसत नाही, असे सांगतात. पांढऱ्याशेजारी जांभळं ठेवलं, पटलं नाही, बदललं. चेहरा तसाच होता, पण श्वास संथ झाला होता. येसाईने दोरा कमरेला खोचला आणि मुकाट शेजारी बसून राहिली.

त्या दिवशी देवाला हार नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मग पाटलांनी तिला चावडीवर बोलावलं.

"येसाई, देवाचा गळा उघडा आहे. म्हातारपणी ओवता येईना का?"

"येतं की. पण मी ओवलं तर त्याच्या हाताला काय उरलं?"

"देव मोठा का पाथरवट मोठा?"

"देव उपाशी मरत नाही, पाटील."

पाटील भडकले. उद्या हार दिसला नाही तर देवाची परडी, म्हणजे पूजेचा मान, दुसऱ्या घरी जाईल, असं त्यांनी बजावलं. येसाई थेट पिंडीपुढे गेली. "तो जेवेपर्यंत तुझा हार ओवणार नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव," असा तिने नवस केला.

रात्री पावसाने तगर झोडपली. सकाळी फुलं थोडीच होती आणि गाव बघायला जमलं होतं. रायाप्पा मांडत गेला. मधली जागा रिकामी राहिली. त्याने मान वर करून येसाईकडे पाहिलं.

"आई, मध्ये पांढरी हवीत. कृष्णी पांढरीच माळायची."

एवढं बोलून तो रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मग पाटील स्वतः घरी गेले आणि परसातली तगर उपरण्यात घेऊन आले. दुपारी रायाप्पाने नाचणीची भाकरी खाल्ली आणि वर मीठ मागितलं.

नवस फिटला म्हणून येसाई संध्याकाळी हार ओवायला बसली. पाटील म्हणाले, "राहू दे. देव असाच बरा दिसतो." तिने दोरा झऱ्यात सोडून दिला. पुढे रायाप्पाने डोण पुरी केली. वाऱ्याने फूल बाहेर पडू नये म्हणून काठ आत वळवला.

आजही झरेश्वराला हार नाही. आजही ज्याच्या घरी दुःख असेल त्याला गाव सुटी फुलं देतं. मांडायची ती त्यानेच.

"पण फुलं देताना बोलायचं काय?" त्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. "येसाई काय बोलली होती? नुसती बसली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी घेऊन महिपतच्या दारापर्यंत गेलो आणि या वेळी कडी वाजवली. त्याने दार उघडलं. मी त्याच्या आईच्या परातीत पाणी ओतलं, त्यावर फुलं सोडली आणि भिंतीला टेकून बसलो. बराच वेळ गेला.

"तेरडाच एवढा का आणलास?" तो म्हणाला.

"बांधावर तोच होता."

त्याने परात आपल्याकडे ओढली.