तेरा तारा, एकच सूर

सारे ज्यांना चाचा म्हणत, अशा सतारी घडवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे एकदा एक शिष्या आली. तिचं नाव उत्तरा. भोपळा कोरणं, दांडीवर पडदे बांधणं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सुराला गोलाई आणणं, हे सारं ती चार वर्षं मन लावून शिकली. गल्लीतले लोक हसत. "चाचांना कुणी पोरगा मिळाला नाही वाटतं!" म्हणत. चाचा हातातलं काम न थांबवता उत्तर देत, "कान मिळाला, बस झालं."

त्या कारखान्याची एक रीत होती. सतारीवर बाहेरून पाटी लावायची नाही. भोपळा बंद करण्यापूर्वी घडवणाऱ्याने आतल्या बाजूला आपलं नाव लिहायचं. पुढे कधी कुणी दुरुस्तीसाठी सतार उघडली, तर त्या कारागिराला ते दिसावं, एवढंच. उत्तराने अजून एकाही भोपळ्यात नाव लिहिलं नव्हतं. चाचा म्हणत, "वेळ आली की मी सांगेन."

पण दिवस कठीण होते. गल्लीत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. लोक फोनवर शोधत आणि जे पहिलं दिसेल तिथून मागवत. दूरच्या शहरातल्या एका संगीत विद्यालयाला बारा सतारी हव्या होत्या. ते काम मिळालं तर कारखाना चालणार होता, नाही तर चाचा दिवाळीनंतर कुलूप लावणार होते. उत्तराने आधीच कारखान्याची वेबसाइट तयार केली होती. कामाची छायाचित्रं घातली, प्रत्येक टप्पा साध्या भाषेत लिहिला. तरी शोधल्यावर ती चौथ्या पानावर दिसे, आणि तिथवर जातो कोण?

अशा वेळी एक व्यापारी आला. गोड बोलणारा.

"ताई, माल उत्तम आहे, पण तुमचं नाव घेतंय कोण? शोधणारं यंत्र एवढंच बघतं, की किती वेबसाइट तुमच्याकडे बोट दाखवतात. एक लिंक म्हणजे एक शिफारस. मी आठवड्यात दहा हजार लिंक देतो."

"पण ते दहा हजार लोक आमची सतार ओळखतात का?"

"ओळख कशाला हवी? यंत्र काय घरी चौकशीला जातंय!"

उत्तराला ते पटलं नव्हतं, पण दिवाळी जवळ येत होती. तिने चाचांना न विचारता होकार दिला.

तीन आठवड्यांत वेबसाइट पहिल्या पानावर आली. उत्तरा धावतच आत गेली. "चाचा, आपण पहिले!"

"पहिले? कशात?" चाचांनी विचारलं, आणि ते पुन्हा भोपळ्याकडे वळले.

तिचा हिरमोड झाला. त्यांना यातलं काय कळणार, असं मनात येऊन गेलं.

मग एका सकाळी वेबसाइट शोधातून नाहीशी झाली. चौथ्या पानावर नाही, चाळिसाव्यावरही नाही. वेबसाइटच्या खात्यात शोधयंत्राची सूचना येऊन पडली होती, की तुमच्याकडे येणाऱ्या लिंक खऱ्या वाटत नाहीत. दुपारी विद्यालयाचं पत्र आलं. 'तुमचं नाव शोधलं, तर ते जुगाराच्या आणि वजन उतरवण्याच्या गोळ्यांच्या पानांवर सापडतं. प्रत्येक ठिकाणी तेच तीन शब्द, सर्वोत्तम सतार कारखाना. आपण खरोखर सतारी बनवता ना?'

उत्तराने पत्र चाचांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. पन्नास वर्षं राबलेले त्यांचे हात, आणि त्यांचं नाव तिने कुठे नेऊन लावलं होतं! ती त्यांच्या रागाची वाट पाहत उभी राहिली.

चाचांनी कोपऱ्यातली एक जुनी सतार पुढे ओढली. "हिच्या तरफेच्या तारा लाव."

पडद्यांखालून जाणाऱ्या या बारीक तारा कुणी वाजवत नाही. वर सूर खरा लागला, की त्या सुराला लावलेली तार आपोआप घुमते. उत्तराने पहिली तार षड्जाला लावली.

"आता उरलेल्या बारासुद्धा षड्जालाच लाव."

"सगळ्या? चाचा, असं कुणी लावतं का?"

"लाव, बेटी."

ती लावत गेली. दोन तारा ताणाने तुटल्या, एक तिच्या बोटाला लागली. उरलेल्या कशाबशा चढल्या. चाचांनी वरच्या तारेवर षड्ज वाजवला. सतार एकदम गरजली. क्षणभर उत्तराला ते भारी वाटलं. मग चाचांनी गंधार वाजवला. काहीच घुमलं नाही. पंचमही कोरडाच गेला. पुन्हा षड्ज, पुन्हा तीच गर्जना. आता ती कानाला बोचू लागली.

"पुरे, चाचा."

"काहीतरी खोटं आहे, हे किती सुरांत ओळखलंस?"

"तीन-चार."

"मग त्या यंत्राला इतके आठवडे लागले, हे जास्तच म्हणायचं." चाचा हसले. मग त्यांनी तारा उतरवल्या, तुटलेल्या बदलल्या आणि प्रत्येक तार तिच्या तिच्या सुराला लावून गंधार छेडला. खालून एकच तार घुमली, हलकी, पण स्पष्ट.

"बघ. हिला कुणी हात लावला नाही. समोरचा सूर तिच्या स्वतःच्या सुराशी जुळला, म्हणून ती बोलली. याला म्हणतात शिफारस. तू दहा हजार तोंडांना एकच वाक्य पढवलंस. त्यातल्या एकाने तरी आपली सतार ऐकली होती का? आवाज मोठा झाला, बेटी, पण वाद्य बिघडलं. आणि बिघडलेलं वाद्य आपण टाकून देतो का? आपण दुरुस्त करणारी माणसं आहोत."

उत्तराने त्याच दिवशी विद्यालयाला खरं काय ते लिहून कळवलं. चूक आपली, चाचांची नाही, असं स्पष्ट लिहिलं. मग महिनाभर ती रोज दोन तास बसून एकेका वेबसाइटला लिंक काढायची विनंती लिहू लागली. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. त्यांची यादी करून तिने शोधयंत्राला कळवलं, की या लिंक विकत घेतलेल्या होत्या, त्या धरू नयेत. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. उरलेला वेळ ती घोडी घासत बसे.

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना विद्यालयातले एक वयस्क शिक्षक स्वतः दारात उभे राहिले.

"उत्तरा कोण? आमच्या परिचयाच्या एक सतारवादक बाई आहेत. त्यांची वेबसाइट लहानशी, विद्यार्थ्यांपुरती. तिच्यावर त्यांनी लिहिलंय, की माझ्या सतारीचा हरवलेला आवाज या मुलीने परत आणला. खाली तुमचा पत्ता. आणि तुमचं पत्रही मी वाचलं होतं. म्हटलं, ऐकून तरी यावं."

उत्तराला त्या बाई आठवल्या. त्यांच्याकडे तिने काहीच मागितलं नव्हतं. दोन दिवस फक्त घोडी घासली होती.

शिक्षकांनी तासभर तीन सतारी वाजवून पाहिल्या. निघताना म्हणाले, "आधी एक करा. ती वाजली की उरलेल्या अकरांचं बोलू."

वेबसाइट अजून कुठेच दिसत नव्हती. तरी त्या एका सतारीच्या भरवशावर दिवाळीनंतर कुलूप लागलं नाही.

ती एक सतार उत्तराने एकटीने केली. भोपळा बंद करायची वेळ आली, तेव्हा चाचांनी शाईची दौत आणि बोरू तिच्यापुढे सरकवला.

"लिही."

"चाचा, माझं नाव?"

"मग काय माझं? मी हिला हात तरी लावलाय का?"

तिने भोपळ्याच्या आत नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघं त्या नावाकडे पाहत राहिले, आणि मग उत्तराने स्वतःच्या हातांनी भोपळा बंद केला.

आपलं नाव दुसऱ्याने घ्यावं असं ज्याला वाटतं, त्याने आधी आपला सूर लावावा.