कान कापून घेणारा राजा

पूर्वी पारसिकांच्या देशात झरवान नावाचं नगर होतं. तिथे बोधिसत्त्व मेहरनूश या नावाने राजाच्या पोटी जन्माला आले. वडील अकाली गेले आणि धड मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा मेहरनूशच्या डोक्यावर मुकुट आला. पोराने राज्य चांगलं चालवलं, अगदी नाव घेण्यासारखं! पण तेच त्याच्या काकाच्या, वरदातच्या डोळ्यांत खुपू लागलं. अर्धी फौज फोडून तो वेशीबाहेर येऊन बसला.

मेहरनूशचा सेनापती होता बर्झीन. राजाला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यानेच. "पोराला माझ्या हवाली करा," असा वरदातचा निरोप आला, तेव्हा निरोप्याला त्याने असा फैलावर घेतला की तो बिचारा टोपी सावरत पळाला. ऊन कललं की दरवाजे उघडायचे आणि शत्रूवर तुटून पडायचं, असं बर्झीनने ठरवून टाकलं. एक गोष्ट मात्र तो कोणाजवळ बोलत नव्हता. त्याचा धाकटा मुलगा रूझबे समोरच्या फौजेत होता.

मेहरनूशने बर्झीनला बोलावलं. लहानपणापासून तो त्याला बाबाच म्हणायचा. "बाबा, मी काकांना मुकुट देऊन टाकतो."

"द्या की. उद्या आम्ही तो परत तुमच्या डोक्यावर ठेवू."

"मी देश सोडून गेलो तर?"

"तुमच्या नावाने लढत राहू. मरेपर्यंत लढू, महाराज!" बर्झीनची छाती अभिमानाने फुगली होती.

"आणि रूझबे?"

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "त्या नावाचा मुलगा नाही मला," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

या माणसांची आपल्यावरची मायाच यांचा घात करणार, हे मेहरनूशला कळून चुकलं. आता त्या देशात एक जुना दंडक होता. ज्याच्या अंगात व्यंग, त्याला सिंहासन नाही. नुसतं बोट तुटलं म्हणून कितीतरी राजपुत्रांना तिथे राज्यावर पाणी सोडावं लागलं होतं.

ऊन कललं. फौज चौकात उभी राहिली. मेहरनूश पायऱ्यांवर आला, त्याने मुकुट काढून खाली ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या बर्झीनच्या कमरेची कट्यार त्याने उपसली आणि कोणाला काही उमगायच्या आत स्वतःचा डावा कान कापून टाकला.

"अरे पोरा, काय केलंस हे!" बर्झीन किंचाळला. महाराज म्हणायचं भानही त्याला राहिलं नाही.

मेहरनूशच्या खांद्यावरून रक्त वाहत होतं, पण आवाज जराही कापला नाही. "मी आता तुमचा राजा होऊ शकत नाही. आजही नाही आणि पुढेही कधी नाही. माझ्यासाठी कोणी तलवार उचलायची नाही. दरवाजे उघडा."

मग तो एकटाच चालत काकाच्या तंबूपाशी गेला. पुतण्या जिवाची भीक मागेल असं वरदातला वाटलं होतं. मेहरनूश म्हणाला, "सिंहासन घ्या. पण माझ्या माणसांच्या केसालाही धक्का लावणार नाही, अशी अग्नीसमोर शपथ घ्या." दोन्हीकडची फौज टक लावून बघत होती. वरदातला त्या जखमेकडे पाहवेना. त्याने मुकाट्याने शपथ घेतली.

लोक एकमेकांत मिसळले. रूझबे खाली मान घालून बापासमोर येऊन उभा राहिला. बर्झीनने थोबाडीत मारायला हात उगारला, पण तो हात काही खाली येईना. शेवटी पोराला छातीशी धरून म्हातारा ढसाढसा रडला. डोळे पुसून त्याने राजाला शोधलं, तेव्हा मेहरनूश डोक्याला फडकं बांधून वाळवंटाच्या वाटेने बराच दूर गेला होता. वाटेतल्या कोणी त्याला मुजरा केला नाही.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वरदात म्हणजे आज माझ्यावर उलटलेला देवदत्त. बर्झीन म्हणजे आपला भिक्षू आनंद. आणि तो राजा मीच होतो. दुसऱ्यांच्या जिवासाठी एकदा निश्चय केला की मागे वळून बघायचं नाही, ही अधिष्ठान पारमिता, अढळ निश्चयाची पूर्णता."

भिक्षूंनी हात जोडले. आनंद मात्र शास्त्यांच्या डाव्या कानाकडे बघत बसला होता, आणि त्याचे डोळे काही केल्या कोरडे होईनात.