हैबतीचे डोळे

एका राज्यात प्रतापकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. विहिरींना पाणी होतं, कोठारात धान्य होतं, साळुंक्या माणसांसारख्या बोलत आणि माणसं, काय सांगू, साळुंक्यांसारखी बडबडत.

त्या राज्यात कमळजा नावाची कारागीर बाई होती. मूर्ती पुष्कळ जण घडवीत, पण डोळे आखायला सगळे तिच्याकडे येत. डोळे शेवटी आखायचे, असा रिवाज. भक्त कुठेही उभा राहो, देव त्याच्याकडेच पाहील, असे आखायचे. कमळजेचा हात तर असा बसलेला, की इकडे ती शेजारणीशी भाजीच्या गप्पा मारी आणि तिकडे देवाचे डोळे उघडत. तिचा नवरा हैबती माती आणी, चाळी, मळी आणि गप्प बसे. घरात बोलणारं एक माणूस पुरेसं होतं.

आता राज्य सुखाचं चाललं होतं तर राजाने घरी बसावं की नाही? पण सुखाने बसेल तो राजा कसला. कुणीतरी कानात सांगितलं, की रानात कालकंठ मांत्रिकाचं धन पुरलेलं आहे. झालं. राजा लवाजमा घेऊन निघाला. खणायला माती जाणणारा माणूस हवा, म्हणून हैबतीलाही नेलं. खणता खणता हंडा लागला. राजाने हंड्याला हात लावला, राजा मातीचा झाला. त्याला ओढायला सेनापती धावला, सेनापती मातीचा झाला. सेनापतीला सोडवायला हैबती गेला, हैबती मातीचा झाला. असे एकमेकांना धरता धरता सगळेच मातीचे झाले. चेहरे जसेच्या तसे राहिले, फक्त डोळ्यांच्या जागी कोरी माती.

पायात वात होता म्हणून प्रधान विद्याधर तेवढे घरी राहिले होते. त्यांनी साळुंक्यांच्या तोंडून बातमी ऐकली, पालखी मागवली आणि कमळजेला घेऊन रान गाठलं. हंड्यावर कालकंठ बसला होता.

“कोण तू?” त्याने विचारलं.

“डोळे आखणारी.”

“मग ऐक. यांच्यातल्या एकाचे डोळे आख. त्याने तुला ओळखलं तर सगळे सुटतील. तीन खेपा देतो. तिसरी चुकली, तर सगळ्यांचा भुगा होईल.”

कमळजेने हैबतीकडे पाहिलं.

“आधी महाराज,” प्रधान म्हणाले. “यात विचारायचं काय?”

तिने राजाचे डोळे आखले, कमळाच्या पाकळीचे, जसे राजांचे आखायची रीत आहे तसे. राजाने डोळे उघडले, तिच्या डोक्यावरून आभाळाकडे पाहिलं, आणि डोळे पुसून गेले. त्याने कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि तिने कधी मान वर केली नव्हती.

“मग सेनापती,” प्रधान म्हणाले. “मानाचा क्रम मोडता येत नाही.”

तिने सेनापतीचे डोळे आखले, माशाच्या आकाराचे, लाल कडांचे, जसे वीरांचे आखतात तसे. सेनापतीने डोळे उघडले, तिला शत्रू समजून तलवारीला हात घातला, आणि तेही डोळे पुसून गेले.

आता एकच खेप उरली. कमळजा कुंचला घेऊन हैबतीसमोर बसली. बसली ती बसलीच. हात उठेना.

हैबतीच्या डोक्यावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, “हात थांबला?”

“थांबला.”

“बरं झालं. आजवर थांबलाच नव्हता.”

“अगं, या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला,” कमळजा म्हणाली, “आणि याचे डोळे कसे आहेत ते मला आठवत नाही. मग आजवर मी आखत काय होते? पाकळ्या आणि मासे? मला काही सुचत नाही गं.”

“सुचायची वाट कशाला बघतेस? नवरा समोर आहे, त्याच्याशी बोल.”

बोलायला कमळजेला दोनदा सांगावं लागत नसे. तिने पदर खोचला.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? राजाला सेनापती होता, सेनापतीला फौज होती. तुमच्यामागे कोण होतं? मीच ना? माझा विचार केलात? निघताना बजावलं होतं, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका म्हणून. आता मी एकटीने घरी जायचं, एकटीने जेवायचं. आणि हसताय काय? मी इथे जीव तोडून बोलते आहे आणि तुम्ही…”

ती थांबली. मातीचा हैबती कुठला हसायला. पण तिला दिसला तो खरा. ती रागावली, की त्याची नजर हळूच चुलीकडे वळायची, म्हणजे तिला हसू दिसू नये. उजवा डोळा आधी बारीक व्हायचा, मग डावा. हे ती रोज बघत होती आणि एकदाही तिने पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं, रडता रडता हसू आलं, आणि हात आपोआप उठला.

“हे काय?” प्रधान ओरडले. “नजर बाजूला? आणि दोन डोळे दोन मापांचे? शास्त्र सोडलंस?”

“शास्त्र देवासाठी आहे, प्रधानजी. हा माझा नवरा आहे.”

तिने शेवटची रेघ ओढली. काही झालं नाही. प्रधान मटकन खाली बसले. कमळजेने मात्र नजर काढली नाही. मग हैबतीच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुती पडली, माती कातडीसारखी मऊ झाली, बाजूला वळलेली नजर सावकाश सरळ झाली आणि तिच्यावर येऊन थांबली.

“झालं बोलून?” तो म्हणाला. “का अजून आहे?”

“पुष्कळ आहे,” कमळजा म्हणाली. “घरी चला.”

सगळे माणसात आले. कालकंठ हंड्यावरून उठला तेव्हा त्याची हाडं वाजली. “सुटलो बाबा,” तो म्हणाला. “धन राखायला बसलो आणि उठताच येईना.” हंड्यातलं सोनं काळ्या मातीचं झालं. राजाने ती माती मुकाट्याने शेतकऱ्यांना वाटली आणि पुन्हा कुठल्या हंड्याला हात लावला नाही.

पुढे कमळजेकडे मूर्ती आली, की ती आधी गावात जाऊन बसे, माणसांशी बोले, मग कुंचला उचली. कोळ्यांच्या देवीची नजर तिने समुद्रावर ठेवली. देवी आपल्याकडे बघत नाही म्हणून पुरुषांनी तक्रार केली. बायका म्हणाल्या, “राहू द्या. तुम्ही होड्या घेऊन जाता तेव्हा आम्ही अशाच बघतो.”

अशी ही हकिगत, ऐकणाऱ्याने ऐकली, सांगणाऱ्याने सांगितली. जसा कमळजेचा हात सुटला, तसा अडलेला प्रत्येक हात सुटो.