वाऱ्याचं लोणचं

एका गावात एक भोळा येसबा होता. गाव होतं उंच पठारावर, आणि गावाच्या डोक्यावर एक पवनचक्की होती. वारा असला की घरोघरी वीज. वारा पडला की वीज गेली, आणि हौसाची पिठाची गिरणी अर्ध्या दळणात ठप्प. ही हौसा म्हणजे येसबाची बायको. घर तिच्या गिरणीवर चालायचं. येसबा काय करायचा? सांगितलेलं करायचा. नेमकं तेवढंच आणि नेमकं तसंच.

एकदा कंपनीनं गावात एक नवीन मशीन आणून बसवलं. महिनाभर बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर पलीकडच्या गावाला द्यायचं. मशीनवर माणूस हवा होता. गावात आम्ही शहाणे पुष्कळ, पण शहाण्याला काम सांगितलं की त्याची कंबर धरते. म्हणून सगळ्यांनी मिळून येसबाला नेमलं. यात मूर्ख कोण, ते अजून ठरायचंय.

कंपनीच्या कुंदा मॅडमनी येसबाला समजावलं. "वारा जोरात असला की वीज गावाला पुरून उरते. ती उरलेली वीज या मशीनमध्ये पाण्यात सोडायची. पाणी फुटतं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो या टाकीत साठतो. वारा पडला की टाकीची चावी उघडायची. वायू शेजारच्या मशीनमध्ये जातो आणि त्याची पुन्हा वीज होते."

"म्हंजे वाऱ्याचं लोणचं," येसबा म्हणाला.

मॅडम हसल्या. "तसंच समजा. एवढं लक्षात ठेवा, जे उरेल ते टाकीत."

"जे उरंल ते टाकीत," येसबा म्हणाला, आणि घोकत घोकत घरी गेला.

त्याच दिवशी गावात बारसं होतं. पंगती उठल्या आणि मोठं पातेलंभर आमटी उरली. येसबानं पातेलं उचललं, शिडी लावली आणि आमटी गावाच्या नळाच्या टाकीत ओतली. सकाळी घरोघरी नळाला फोडणीचं पाणी आलं. कुणी कुणी त्यात भाकरी कुस्करून खाल्ली, तो भाग वेगळा. बाकीच्यांनी येसबाला शोधून काढलं.

"चुकलं माझंच," येसबा म्हणाला. "आमचं डोकं म्हंजे नुस्ती टोपीची खुंटी."

मॅडम म्हणाल्या, "येसबा, असं नसतं करायचं. उरलेलं साठवून ठेवायचं नसतं. दिसेल त्याला वाटून टाकायचं असतं."

"दिसंल त्याला वाटून टाकायचं," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वारा असा सुटला की अंगावरचं धोतर सांभाळावं लागे. वीज गावाला पुरून उरली. येसबा दारोदार फिरला. "वीज उरलीय. लावा, लावा, लाजू नका!" गावानं भर दुपारी दिवे लावले, थंडी असून पंखे लावले. एका म्हातारीकडं लावायला काहीच नव्हतं, तर येसबानं शेजारचा रेडिओ आणून तिच्या उशाशी लावला. संध्याकाळी मॅडमनी टाकीचा काटा बघितला. काटा शून्यावर.

"गळती आहे की काय?" मॅडमना घाम फुटला.

"गळती न्हाई, मॅडम. वाटून टाकली."

मॅडमनी काट्यावर दोनदा टिचकी मारून बघितली. मग म्हणाल्या, "वीज वाटायची नाही, साठवायची. आणि गळतीवरही लक्ष ठेवा. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. साबणाचा फेस लावायचा. जिथं बुडबुडा फुगेल तिथं गळती. तिथं लगेच पाना लावून आवळायचं."

"बुडबुडा दिसला की पाना," येसबा म्हणाला, आणि पाना कमरेला खोवून निघाला.

वाटेत सलून होतं. सरपंच अप्पा दाढी करायला बसले होते, तोंडभर साबणाचा फेस आणि डोळे मिटलेले. अप्पांना पडसं होतं. त्यांनी श्वास सोडला आणि नाकापाशी एक बुडबुडा टम्म फुगला.

येसबा दचकला. पण घाबरून कसं चालेल? त्यानं पाना काढला, अप्पांच्या नाकाला लावला आणि दीड फेरा आवळला.

अप्पांची बोंब पवनचक्कीपर्यंत गेली.

"चुकलं माझंच," येसबा म्हणाला. "मागल्या जल्मी मी पायरीचा दगड असणार. या जल्मात बढती झाली न्हाई."

मॅडमनी हात जोडले. "येसबा, माणसांकडं बघूच नका. फक्त मशीनकडं बघा. मशीनमधून काही बाहेर येताना दिसलं तर कुणाला विचारत बसू नका. आधी चावी बंद करा."

"काही भाईर आलं की चावी बंद," येसबा म्हणाला.

महिना संपला. कंपनीचे मोठे साहेब मशीनची परीक्षा घ्यायला आले. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. पवनचक्की गप्प उभी होती. पण टाकी भरलेली होती, आणि हौसा गिरणीत दळण घेऊन तयार होती. तिनं येसबाला बाजूला घेतलं.

"आवं, आज हाताची घडी घालून ऱ्हावा. मशीन ऱ्हायलं तर माझी गिरणी बारमाही फिरंल. पाया पडते तुमच्या."

येसबाला गलबलून आलं. बायकोसाठी एवढं तरी करायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि डोळ्यांत तेल घालून तो मशीनकडं बघत बसला.

मॅडमनी चावी उघडली. गिरणी घरघरली. पीठ पडू लागलं. साहेबांनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं, मान डोलावली आणि सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात येसबाला दिसलं. मशीनच्या मागच्या नळीतून पाणी येत होतं. टप्. टप्. टप्.

त्यानं कुणाला विचारलं नाही. आधी चावी बंद केली.

गिरणी थांबली. साहेबांचं पेन थांबलं.

"गळती धरली, सायेब!" येसबा छाती काढून म्हणाला. "आता थेंब पडत न्हाई."

"अहो, गळती कसली ती!" मॅडम रडायच्या बेतात होत्या. "वायूची वीज होताना त्याचं पुन्हा पाणी होतं. पाणी पडतंय तोवरच वीज! पाणी थांबलं की वीज थांबली!"

"असं व्हय!" येसबा म्हणाला. "मग आधी सांगायचं न्हाई का?"

हौसा ओरडली, "आवं, धरा कुणीतरी त्यांना!"

पण येसबा हौदाकडं पळाला होता. दोन बादल्या भरून आला आणि मशीनच्या जाळीतून दोन्ही आत रिकाम्या केल्या. आत चर्र झालं, फुस्स झालं, मग काहीच झालं नाही. नळीतून मात्र पाण्याचा लोट सुटला. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि मशीन न्यायला ट्रक बोलवायला सांगितलं.

"थांबा की सायेब, घाई नका करू!" येसबा भिजलेल्या अंगानं म्हणाला. "मगाशी थेंबा-थेंबावर आमची एक गिरणी फिरत हुती. आता बगा लोट! आमची फिरंना म्हंजे एवढी वीज आधी तालुक्यातल्या सगळ्या गिरण्यांना गेली असणार."