बारा हिरवे दिवे

कृष्णाकाठच्या एका गावात एक आवाजघर होतं. असलं घर तुम्ही कुठं पाहिलं नसेल. गावातली म्हातारीकोतारी बोलायची, गायची, भांडायची, शाळेतली पोरं कविता म्हणायची, ते सगळं तीस वर्षं कुणी ना कुणी कॅसेटवर भरून ठेवलेलं. माणसं गेली, आवाज राहिले. मग रिकाम्या पडलेल्या चावडीत गावानं एक बाक टाकला. ज्याला आपल्या माणसाची आठवण अनावर झाली त्यानं यावं, हेडफोन कानाला लावावा आणि ऐकत बसावं. रडू आलं तर रडावं. कारण विचारायचं नाही, हा तिथला रिवाज.

कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा गावानं शहरातून मशीन आणवलं. माणूसभर उंच लोखंडी रॅक आणि त्यात बसवायचं, आवाज साठवणाऱ्या बारा डिस्कचं जडशीळ मशीन. सगळ्या कॅसेटी त्यात उतरवून घ्यायच्या होत्या. ते बसवायला रुखसाना मुल्ला नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तोलून. त्यांच्या हाताखाली गावानं केरबा लोहाराला दिला. केरबाचं भात्यावरचं काम बंद पडलं होतं, पण हात मोठा कसबी. पुढं मशीन त्यानंच सांभाळायचं ठरलं होतं.

"आधी रेल, म्हणजे मशीन सरकायच्या लोखंडी पट्ट्या," बाई म्हणाल्या. "एका बाजूची रेल केसभर जरी वर बसली, तर मशीन ओढताना अडकेल, नाहीतर पायावर येईल."

केरबानं सपाटी मोजायची लेव्हल लावून दोन्ही रेल अशा बसवल्या की मशीन कपाटाच्या खणासारखं आत-बाहेर सरकू लागलं. बाईंनी दोनदा ओढून पाहिलं. "हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. झालं! केरबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाईट काही नाही हो त्यात, माणसाला कौतुक लागतंच. पण कौतुक पचवायलाही पोट लागतं.

मग बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "नीट ऐक. बारा डिस्क आहेत. एक मेली तर बाकीच्या अकरा तिचा भार उचलतात. तिच्या जागी नवी घातली की तिला सगळं भरून देतात. पण एक मेलेली असताना दुसरी निघाली तर सगळं बंद. म्हणून मशीन जो नंबर सांगेल तीच काढायची. आणि मशीन शून्यापासून मोजतं. पहिलीला शून्य, शेवटचीला अकरा." त्यांनी कागदी पट्ट्यांवर शून्य ते अकरा आकडे स्वतः लिहून एकेका डिस्कवर डकवले.

"आणि चूक झालीच, तर?" केरबानं विचारलं.

"होणारच कधीतरी. माझ्याही झाल्यात. तेव्हा वीज तोडायची, हात मागं घ्यायचे आणि मला फोन लावायचा. नवं काही दाबायचं नाही. चूक ताजी असते तोवर दुरुस्त होते."

जाताना त्या आणखी एक बोलल्या. आवाजांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या छपराखाली ठेवा. आवाजघराचे अध्यक्ष दिनकरतात्यांनी मान डोलावली आणि काम पुढच्या साली करू म्हणाले. केरबा म्हणाला, "मी हाय की, तात्या. कशाला दुसरी प्रत?" हे वाक्य त्याला पुढं फार महाग पडणार होतं.

मशीनात आवाज भरून झाले, तसा जुन्या कॅसेटींचा प्रश्न आला. मेलेल्या माणसांचे आवाज उकिरड्यावर कसे टाकायचे? गावानं त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पोत्यात भरून कृष्णेत सोडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मुल्लाबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी आधी दुसऱ्या प्रतीचं विचारलं.

"काळजी सोडा, बाई. मशीनात हाईत की सगळी," केरबा म्हणाला.

आवाजघरात दर गुरुवारी, आपला बाजार उरकून, हौसाक्का यायची. तिची एकुलती एक लेक शालन नऊ वर्षांची होऊन काविळीनं गेली, त्याला वीस वर्षं झाली होती. फोटो कधी काढलाच नव्हता. होती ती फक्त शाळेच्या मास्तरांनी घरी येऊन भरलेली दोन मिनिटांची कॅसेट. त्यात शालन सांगते की आमच्या शेळीनं माझी गणिताची वही खाल्ली, आणि सांगता सांगता तिला असं हसू लोटतं की पुढचं बोलताच येत नाही. मागून हौसाक्काचाच तरणा आवाज येतो, "शाले, नीट बोल की गं, मास्तर काय म्हणतील!" एवढंच. हौसाक्का ते तीनदा ऐकायची, हेडफोन पुसून ठेवायची आणि जायची. जाताना म्हणायची, "तुझ्यामुळं हाय बाबा माझी पोर." केरबालाही तिचा लळा लागला होता. गुरुवारी तो शालनचा आवाज आधीच काढून ठेवायचा.

तीन वर्षं मशीन सुरळीत चाललं. वर्षातून एकदा बाई येऊन तपासून जायच्या. केरबा रोज फडक्यानं रॅक पुसायचा, पंख्यांची जाळी आठवड्याला साफ करायचा, तारा ओळीत बांधून ठेवायचा. गाव त्याला लोहार म्हणायचं विसरलं, मशीनवाला म्हणू लागलं. पुढं आवाजघराच्या वाढदिवसाला पाहुणे येणार होते, तेव्हा केरबाला बाईंच्या त्या मळकट कागदी पट्ट्या डोळ्यांत खुपल्या. त्यानं त्या सोलून काढल्या आणि तालुक्याहून छापून आणलेले चकचकीत सोनेरी आकडे लावले. एक ते बारा! पहिल्याला शून्य कोण म्हणतं? घरात माणसं मोजताना थोरल्याला कुणी शून्य म्हणतं का? त्याला ते शहाणपणाचंच वाटलं. बाईंना विचारावं असं मनातही आलं नाही.

सहा-सात महिने काही बिघडलं नाही. मग एका बुधवारी सकाळी शेजारच्या तालुक्यातली पाचसहा मंडळी आवाजघर बघायला आली. त्यांनाही आपल्या गावी असंच घर काढायचं होतं. दिनकरतात्या मोठ्या कौतुकानं केरबाची ओळख करून देत होते, आणि नेमकं तेव्हाच मशीन ओरडू लागलं. टीं, टीं, टीं. पडद्यावर अक्षरं आली. सात नंबरची डिस्क गेली होती.

"घाबरायचं कारण न्हाई," केरबा पाहुण्यांना म्हणाला. "धा मिन्टाचं काम. तुम्ही भाईर चहा घ्या." कपाटात नवी डिस्क तयार होती. त्यानं ती काढली, सोनेरी सातवर अंगठा ठेवला, खटका दाबला आणि डिस्क ओढली.

मशीनचं तुटक ओरडणं थांबलं आणि एकच लांब सूर लागला. पडदा म्हणाला, दोन डिस्क नाहीत, सगळं बंद.

 केरबाला क्षणात उमगलं. मशीनचा सात म्हणजे त्याचा सोनेरी आठ. मेलेली डिस्क जागेवरच होती आणि त्याच्या हातात होती ती जिवंत, धडधाकट, अजून कोमट. बाईंचे शब्दही आठवले. वीज तोड, हात मागं घे, फोन लाव. फोन खिशातच होता. त्यानं तो काढला, बाईंचं नाव शोधलं, बोटही ठेवलं.

तेवढ्यात बाहेरून तात्यांची हाक आली. "काय केरबा, झालं का?"

बाहेर सहा परकी माणसं बसलेली. ज्यानं दुसरी प्रत नको म्हटलं तो हाच. आकडे बदलले ते यानंच. आता यांच्या देखत बाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं?

"झालंच की, तात्या!" केरबा ओरडला, आणि फोन खिशात गेला.

त्यानं काढलेली डिस्क परत खाचेत ढकलली. मशीन म्हणालं, ही माझ्या ओळखीची नाही. त्यानं मेलेली काढून तिच्या जागी नवी घातली. सूर काही थांबेना. मग पडद्यानं एक वाट दाखवली, सगळं नव्यानं मांडू का? खाली बारीक अक्षरात होतं की जुनं सगळं पुसलं जाईल. केरबानं ते वाचलं. वाचलं हो! वाचलं नाही असं तो पुढं स्वतःलाही कधी सांगू शकला नाही. मशीनं असं विचारतातच, असं म्हणून त्यानं 'हो' दाबलं.

सूर थांबला. एकामागून एक बारा हिरवे दिवे लागले. केरबा घाम पुसून बाहेर आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तात्यांनी पाठ थोपटली, आणि केरबानं सर्वांसोबत चहा घेतला.

आत मशीन शांतपणे काम करत होतं. पडद्यावर टक्के चढत होते. दोन, तीन, पाच. पाहुणे गेल्यावर केरबानं एक आवाज लावून पाहिला. काही नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. मशीन लख्ख धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं. त्यानं मनाची समजूत घातली, टक्के पुरे होऊ देत, मग येतील सगळे परत. खरं काय ते त्याला कळलं होतं.  वीज तोडायला त्याचा हात दोनदा गेला, दोनदा मागं आला. दिवे विझलेले कुणी पाहिले तर?

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाजार उरकून हौसाक्का दारात आली.

"आज न्हाई, आक्का," केरबा तिच्याकडे न बघता म्हणाला. "मशीन तापलंय. थंड हुंदे."

"बरं बाबा. त्येलाबी इसावा पायजे," ती म्हणाली आणि गेली. त्यानं आत येऊन पाहिलं, एकतीस टक्के झाले होते.

शनिवारी संध्याकाळी शंभर झाले. कुणीही परत आलं नाही.

पुढच्या गुरुवारीही त्यानं तिला तसंच परत पाठवलं. जो येईल त्याला तो नवी थाप मारायचा. कधी वीज कमी, कधी तार खराब. फोन रोज हातात घ्यायचा आणि उद्या करू म्हणून ठेवायचा. तिसऱ्या गुरुवारी मुल्लाबाई वर्षाच्या तपासणीला आल्या. हौसाक्काही आली होती, बाकावर टेकून वाट बघत होती.

बाईंनी सोनेरी आकडे पाहिले आणि चष्मा खाली घेतला. मग मशीनची आतली नोंद वाचली. 

"केरबा, कधी केलंस हे?"

"पंधरा दिस झालं, बाई."

"चुकीची डिस्क काढलीस, तेव्हा काही गेलं नव्हतं. एक आवाजसुद्धा गेला नव्हता. त्या घडीला मला फोन केला असतास तर दुपारपर्यंत मी सगळं उभं केलं असतं."

"आन् ते 'हो' दाबल्यावर?"

"तेव्हाही मशीन आधी फक्त यादी पुसतं, आवाज लगेच पुसत नाही. थोडं थोडं करत पुढं सरकतं. गुरुवारी दुपारी एकतीस टक्क्यांवर होतं. तेव्हा नुसती वीज तोडून मला बोलावलं असतंस तरी निम्म्याहून जास्त आवाज वाचले असते. आता काही नाही. आता कुणीही आलं तरी काही नाही."

 मोठ्यानं रडावं असं केरबाला वाटत होतं, पण रडायचा हक्क बाकावर बसणाऱ्यांचा होता, त्याचा नव्हता. हौसाक्का उठून त्याच्यासमोर आली. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं. गुरुवार तेवढा कळला होता.

"केरबा, त्या गुरुवारी मी दारात हुबी हुते. तवा माझी शालन आत हुती का रं?"

केरबानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

"असंल, आक्का," तो म्हणाला. "असंल."

"आन् तू मला म्हनलास, मशीन तापलंय."

ती एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी उचलून ती पायऱ्या उतरली आणि बाजाराच्या गर्दीत मिसळून गेली. केरबानं हाक मारली नाही. मारून तिला सांगणार काय होता?

तात्पर्य: चूक झाली त्याच घडीला तोंड उघडावं, त्यात जाते ती फक्त आपली अब्रू, लाजेनं झाकलेली चूक मात्र तासातासानं दुसऱ्याचं सर्वस्व खात जाते, आणि मग कबुली देऊनही काही हाती लागत नाही.