कमळजेचे कोरडे तांदूळ

"मग सांगून का टाकत नाहीस, की तुला दुखणं आहे म्हणून?"

सिद्धूबुवांनी पुन्हा विचारलं. कमळजेनं पुन्हा शेणाची पाटी उचलली.

"नाही सांगायचं, बुवा."

"दिगंबर ऐकणार नाही. रविवारी तांदूळ चघळायला लावेल."

"लावू दे."

"कोरडे निघतील."

"निघणारच. माझ्या तोंडात थुंकी आहेच कुठं?"

बुवा लोट्यातून घोटभर पाणी प्याले आणि धुनीकडं निघून गेले. बुवांचा तो लोटा कधी हातावेगळा व्हायचा नाही. लोक त्यालाही साधुपणच समजायचे.

आता ही कमळजा कोण, ते ऐका. डोंगरावरच्या सिद्धूबुवांच्या मठात गोठा सांभाळणारी बाई. शिष्याच म्हणायची, पण शिष्येचं एक लक्षण अंगात असेल तर शपथ. पहिल्यांदा डोंगर चढून आली तेव्हा ना पाया पडली, ना उपदेश मागितला. म्हणाली, "बुवा, तुमच्या गायींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्यात. मी राहते इथं." बुवा हसले. बाकीच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या आजतागायत उतरलेल्या नाहीत.

असल्या बाईला दुखणं लागलं तेही असलंच, चारचौघांना न दिसणारं. आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. मग तोंड सुकलं. भाकरीच्या एकेका घासाला पाणी लागायला लागलं. शेवटी ती साताऱ्याला जाऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं, "अंगाची राखण करणारी फौज असते ना, तीच तुमच्या अंगावर उलटलीय. लाळ आणि आसवं जिथं तयार होतात, तिथंच हल्ला करतेय."

"म्हणजे घरचेच भेदी."

"तसंच समजा."

डोळ्यांत घालायला थेंब दिले, गोळ्या दिल्या. उठता उठता कमळजेनं विचारलं, "व्यालेल्या गाईचा चीक खाल्ला तर?"

"खाऊन बघा. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. पण थेंब आणि गोळ्या सोडायच्या नाहीत, सांगून ठेवते."

कमळजेला हे बोलणं आवडलं. खोटा धीर देणाऱ्या माणसांचा तिला भारी संताप.

मठात मात्र चिकाची रीत कडक. गाय व्याली की पहिलं दूध वासराचं. त्याचं पोट टम्म भरल्यावर उरेल तोच चीक माणसांचा, एरवी थेंबाला हात लावायचा नाही. कमळजेनं बुवांना एकट्यांना गाठून दुखणं सांगितलं आणि उरलासुरला चीक मागितला. बुवांनी मान डोलावली. पुढं कपिली व्याली. तिचं वासरू पिऊन पिऊन आडवं झालं तेव्हा कमळजेनं उरलेला चीक मंद आचेवर आटवला, वाळवला, त्याची भुकटी केली आणि पितळेच्या डबीत भरून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. रोज सकाळी चिमूटभर जिभेवर.

"काही फरक?" बुवांनी एकदा विचारलं होतं.

"रात्री जीभ टाळूला चिकटायची, ती जरा कमी चिकटते. डोळे आहेत तसेच. उगाच चमत्कार झाला म्हणून कुणाला सांगत सुटू नका."

"बरं बाई."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तांबू व्याली.

दिवस भरले नव्हते. वासरू एवढंसं, पाय नुसत्या काटक्या. उभंच राहीना, कासेला तोंड लावायचं दूरच. कमळजा त्याला मांडीवर घेऊन बसली. बोटं चिकात बुडवायची आणि त्याच्या तोंडात घालायची. आपण जेवली नाही, पाठ टेकली नाही. तरी वासरू गेलं.

ती रडली नाही. अहो, रडणार कशी? काळीज फाटून चाललं होतं आणि डोळ्यांतून टिपूस निघेना, नुसती आग आग होत होती. तिनं वासराच्या अंगावर गोणपाट घातलं, तांबूच्या गळ्याला मिठी मारली आणि दुसऱ्या गायींच्या धारा काढायला उठली.

दिगंबरनं हे दारातून पाहिलं. दिगंबर म्हणजे मठाचा कारभारी. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं समजतं असं वाटणारा होता, आणि ते काही कमी वाईट नाही.

"पोटच्या लेकरासारखं म्हणायची वासराला," तो ठकूबाईला म्हणाला. ठकूबाई मठातली स्वयंपाकीण. "आणि मेलं तर डोळ्यांत पाणी नाही! पाषाण आहे पाषाण."

मग त्याला कोनाड्यातली डबी सापडली. उघडली, हुंगली. चीक!

"वासरू का मेलं ते कळलं," तो कमळजेला म्हणाला.

"तो कपिलीचा चीक आहे, दिगंबरभाऊ."

"कशावरून?"

"मी सांगते ना."

"तुझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? रविवारी धुनीपुढं ये."

तर त्या मठाची रीत अशी. चोरी झाली, कुणी कुणावर आळ घेतला, की धुनीसमोर बसायचं आणि कच्चे तांदूळ चघळून पानावर थुंकायचे. खऱ्याचे ओले निघतात. खोट्याच्या तोंडचं पाणी पळतं, त्याचे कोरडे. वाडवडलांपासून असंच चालत आलेलं. ज्याचे कोरडे निघाले त्यानं बोचकं बांधायचं आणि डोंगर उतरायचा. पुन्हा वर पाऊल नाही.

रविवारी भाविकांनी अंगण भरलं. गोठ्यात येणंजाणं होतं ते तिघांचं. दिगंबर, ठकूबाई आणि कमळजा. तिघांनाही पळसाचं पान आणि मूठभर तांदूळ मिळाले.

ठकूबाई कमळजेच्या कानाशी लागली. "अगं, तुला बरं नाही एवढं म्हण. घास उतरत नाही तुझ्या घशाखाली, मी बघते की रोज. सुटशील."

"मला सुटायचंच नाही, ठकूमावशी."

"मग काय करायचंय?"

"चघळायचंय."

दिगंबरचे तांदूळ ओले निघाले. त्यानं पान सगळ्यांना फिरवून दाखवलं, जसं काही शेतातलं पहिलं पीक. ठकूबाईचे बेताचे ओले. बिचारी घाबरली होती.

कमळजा बराच वेळ चघळत होती. तोंडात नुसती करकर. मग तिनं पान पुढं धरलं आणि थुंकली. जात्यातून कण्या पडाव्यात तसे भरडलेले दाणे पानावर पडले. कोरडेठाक.

अंगणात कुजबुज उठली. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "बाई बाई! वासराच्या तोंडचं काढलं गं हिनं!"

"झाला न्याय," दिगंबर म्हणाला. "एवढा चीक खाऊनही तोंड कोरडं ते कोरडंच. पापाचं अंगी लागत नाही ते असं! जा, बोचकं बांध."

"नाही बांधत."

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तुम्हाला. तांदूळ कोरडे आहेत, हे बघा, नीट बघा. आणि मी खरं बोलतेय. दोन्ही एकदम."

"असं कधी होत नाही!"

"आत्ता झालं की तुमच्या समोर."

दिगंबरनं बुवांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

बुवा म्हणाले, "कमळजे, अजून काही सांगायचंय?"

तिला कळलं, बुवा वाट करून देतायत. एक वाक्य बोललं की संपलं. गोठा राहील, कपिली राहील, तांबू राहील. नाहीतर संध्याकाळच्या आत डोंगर उतरायचा, आणि खाली तिचं वाट बघणारं कुणी नव्हतं. पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"सांगायचंय, बुवा. दुखणं आहे मला. तोंडाला पाणी सुटत नाही, डोळ्यांना येत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारून या हवं तर. पण हे मी आधी सांगितलं नाही, आणि आता सांगतेय ते सोडा म्हणून नाही. त्या दुखण्यापायी तुम्ही मला सोडाल. मग मी आजारी ठरेन, खरी ठरणार नाही. मला खरी ठरायचंय."

"हं."

"आणि मला निदान डॉक्टर भेटला. ज्याला भेटला नाही, आपल्या तोंडाला काय झालंय तेच ज्याला ठाऊक नाही, नुसतं भ्यायल्यानं ज्याची जीभ सुकली, तो इथं बसला तर त्यानं काय म्हणायचं? सांगा ना, बुवा! किती जणांना उतरवलंत या डोंगरावरून?"

"बाई, तोंड सांभाळ!" दिगंबर ओरडला.

"सांभाळायला तोंडात आहे काय? कोरडं पडलंय ते!"

बुवा धुनीकडं बघत होते.

मग त्यांनी हाताशी असलेला लोटा उचलला आणि लांब सरकवून ठेवला. वाकले. परातीतले मूठभर तांदूळ घेतले आणि तोंडात टाकले.

बुवांना तांदूळ चघळताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. चघळायला लावणारे ते.

बुवा चघळत राहिले... करकर सगळ्यांना ऐकू येत होती.

त्यांनी कमळजेच्या हातातलं पान घेतलं. तिच्या दाण्यांशेजारी आपले दाणे थुंकले.

दिगंबर पुढं वाकून बघायला आला आणि तसाच थबकला. कुणाचे कुठले दाणे, ओळखू येईनात. सगळे सारखेच कोरडे.

"दिगंबरा, न्याय सांग."

"बुवा... तुम्ही आधी पाणी प्या..."

त्यानं धावत जाऊन लोटा आणला. बुवांनी तो घेतला नाही.

"माझं बोचकं कुणी बांधायचं? तू बांधतोस?"

दिगंबरनं मान खाली घातली. ठकूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बुवांनी हात पुढं केला. दिगंबरनं पुरावा म्हणून कमरेला खोचलेली पितळेची डबी काढली आणि मुकाट त्यांच्या हातावर ठेवली. बुवांनी ती उघडली नाही, हुंगली नाही. तशीच कमळजेच्या पुढं धरली.

"वासराचं पोट भरून उरलेला आहे ना गं हा?"

कमळजेचे डोळे चरचरले. पाणी नव्हतंच, नुसती आग. तिनं मान वर ठेवली.

"आहे, बुवा."

"मग चिमूटभर मलाही दे."